न्यासाबाहेरचं घर

"झालं, काकू," गार्गी सबनीस म्हणाली आणि मांडीवरची काचेची पाटी दुमडून तिनं पिशवीत टाकली. "बँका झाल्या, शेअर झाले, दागिने झाले, हे घर झालं. सगळं न्यासात गेलं. आता तुमच्यामागं कुणाला कोर्टाची पायरी चढायला नको."

चारुशीलाबाईंनी चकल्यांची बशी तिच्याकडे सरकवली. "मुलांना एकदा यावं लागेल ना पण? सह्या वगैरे करायला?"

"छे हो. तेच तर सांगतेय इतका वेळ. मैत्रेयी तिकडं रॉटरडॅमला ट्राममध्ये बसलेली असली तरी तिचा अर्धा हिस्सा तिच्या नावावर. सलील पुण्यात झोपलेला असला तर उठल्यावर त्याला दिसेल."

"म्हणजे एकदाही नाही."

"एकदाही नाही," गार्गी आनंदानं म्हणाली. अवघड गणित सुटलेल्या मुलीसारखा तिचा चेहरा फुलला होता. मुलुंडच्या निम्म्या म्हाताऱ्यांची व्यवस्था तिनं लावून दिली होती, आणि प्रत्येक घरातून तिला असाच चहा आणि असेच आशीर्वाद मिळाले होते. या घरात मात्र काकूंचा चेहरा का उतरला, ते तिला कळेना.

ज्या गोष्टीबद्दल त्या दोघी बोलत होत्या तिला लोक नाडीन्यास म्हणत. कल्पना तशी जुनीच. माणसानं आपली मालमत्ता जिवंतपणीच एका न्यासाच्या नावे करायची, हयात असेपर्यंत आपणच ती वापरायची, आणि आपल्यामागे कुणाला काय जावं ते आधी ठरवून ठेवायचं. गेलेल्या माणसाच्या नावावर मग काही उरतच नाही. त्यामुळे त्याचं मृत्युपत्र खरं की खोटं हे कोर्टाकडून ठरवून घ्यायचं, म्हणजे प्रोबेट काढायचं, हा प्रश्नच मिटतो.

नवीन होतं ते मनगटावरचं कडं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागे जी बारीकशी वीज असते, ती हे कडं वाचायचं. अंगठ्याच्या ठशासारखी ही लयही प्रत्येकाची वेगळी. न्यासाच्या किल्लीचे पाच तुकडे करून ते पाच निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेले असत आणि नाडी चालू असेपर्यंत ते जुळू शकत नसत. जिवंत नाडी हेच कुलूप. ती थांबली की कडं थोडा वेळ वाट पाहायचं, दवाखान्यातल्या यंत्रांना किंवा घरातल्या संवेदकांना विचारून खात्री करून घ्यायचं, आणि पाचातले तीन तुकडे जुळले की कुलूप उघडायचं. जमिनीवरची, घरावरची, ठेवींवरची नावं त्याच क्षणी बदलायची आणि वारसांच्या फोनवर निरोप जायचा.

म्हणजे घरातलं कुणी तोंडानं सांगण्याआधी वारसाला कळायचं. ही गोष्ट यंत्र बनवणाऱ्यांच्या लक्षात आली नव्हती असं नाही. त्यांना ती यंत्राची खुबीच वाटली होती.

चारुशीलाबाईंच्या यजमानांनी, शशांकरावांनी, हे कडं पहिल्याच लाटेत घेतलं होतं. नव्या गोष्टींची त्यांना हौस. ठाण्याच्या दवाखान्यात ते गेले तेव्हा चारुशीलाबाई आंघोळीसाठी घरी आल्या होत्या आणि सलील खाली औषधांच्या दुकानासमोर रांगेत उभा होता. निरोप तिघांच्याही फोनवर एकदमच आला. मैत्रेयी रॉटरडॅमच्या ऑफिसात कुणाला तरी नकाशा समजावून देत होती. बाबांच्या ठेवींतला अर्धा हिस्सा आपल्या नावे जमा झालाय, एवढंच तिनं वाचलं, आणि त्यातून उरलेलं तिला कळलं.

तिनं सलीलला फोन लावला. तो जिने चढत होता, त्यानं उचलला नाही. नंतर बोलणं झालं तेव्हा ती म्हणाली, "तू तिथं होतास. एक फोन करता आला नाही तुला? पैसे जमा झाल्याच्या निरोपातून मला बाबा गेल्याचं कळावं?"

"मलाही तसंच कळलं, मैत्रू."

"तू दवाखान्यात होतास, सलील."

यावर त्यानं काहीतरी तोडून टाकणारं उत्तर दिलं, तिनं त्याच्या वरचं दिलं. ती आलीच नाही. येण्याचं कारणही नव्हतं. सगळं जिथल्या तिथं झालं होतं. कुणाला कुणाची सही नको होती, कुणाची संमती नको होती. वाटण्या इतक्या चोख झाल्या की भांडायलासुद्धा काही उरलं नाही. भांडण तापलं असतं तर निदान बोलणं चालू राहिलं असतं. हे नुसतंच थांबलं, आणि थांबल्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. दोघंही दर रविवारी आईला न चुकता फोन करत. सलील सकाळी, मैत्रेयी दुपारी.

गार्गी गेल्यावर चारुशीलाबाई बाल्कनीत जाऊन बसल्या. खालच्या रस्त्यावरून बिनड्रायव्हरच्या गाड्या आवाज न करता एकामागोमाग जात होत्या. त्यांना स्वतःच्या वडिलांचं प्रोबेट आठवलं.

तेव्हा मुंबईतल्या घरासाठी ते काढावंच लागायचं. वडिलांनी दादरचा ब्लॉक जयवंतदादाला दिला होता आणि दोन्ही बहिणींनी, उषाताईनं आणि चारूनं, आमची हरकत नाही असं लिहून द्यायचं होतं. साधं काम. पण मृत्युपत्रावर सही केलेले दोन साक्षीदार. त्यातले एक वारलेले आणि दुसरे बापट नावाचे गृहस्थ इंदूरला मुलीकडे जाऊन राहिलेले, ते कुणाला सापडेनात. तारखांवर तारखा पडत गेल्या. दादा सोलापूरहून यायचा, उषाताई बेळगावहून. कोर्टाबाहेरच्या लांब बाकावर तिघं बसायची. दादाच्या पिशवीत शेंगांची चटणी, ताईच्या पिशवीत कुंदा, आणि चारू घरून थालीपिठं करून न्यायची. पुकारा होईपर्यंत डबे उघडलेले असायचे.

"तू लग्नात माझी निळी साडी नेसलीस आणि परत दिली नाहीस," असं काहीतरी उषाताई एकदम तिथंच काढायची.

"तुझी होती ती? तिला वाळवी लागली होती."

"साडीला वाळवी लागत नाही, चारू."

दादा मध्ये बसून हसायचा. "तुम्ही दोघी बापटांना शोधू नका," तो म्हणायचा, "नाहीतर हे संपेल."

एकदा उषाताई खरंच बिथरली. ब्लॉक एकट्या दादाला का, असं तिनं बाकावर बसूनच विचारलं, आणि दोन तारखांना ती दादाशी बोलली नाही. तरी आली मात्र. यावं लागत होतं. तिसऱ्या खेपेला तिनं न बोलता कुंद्याचा डबा त्याच्यापुढं केला.

शेवटी बापट सापडले, आले, सही ओळखली. प्रोबेट मिळालं त्या दिवशी तिघं हॉटेलात जाऊन पियूष प्यायली. सगळे सुटलो सुटलो म्हणत होते. आणि त्यानंतर ती तिघं अशी एकत्र बसलीच नाहीत. कामं होती, मुलं होती, गुडघे होते. पुढे दादा गेला, मग ताई गेली. तो बाक मात्र चारुशीलाबाईंच्या मनातून हलला नव्हता.

चार दिवसांनी त्यांनी गार्गीला फोन केला. "खालची पार्किंगची जागा न्यासातून बाहेर काढता येईल का गं?"

"पार्किंगची? का?"

"अशीच. तिचं काय ते कोर्ट बघेल माझ्यामागं."

गार्गी समजावू लागली. "काकू, बाहेर ठेवलेल्या गोष्टीसाठी आता फार कटकट असते. हल्ली कुणाचाही चेहरा, कुणाचाही आवाज बनवता येतो, म्हणून कोर्ट पडद्यावरची माणसं मानतच नाही. दोन्ही वारसांनी समक्ष जायचं. दर वेळी."

"दोघांनी?"

"दोघांनी. पण पार्किंगसाठी कुणी रॉटरडॅमहून येणार नाही. सोडून देतील ती. गाडी कोण ठेवतं आता?"

हे खरं होतं. चारुशीलाबाईंनी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बोलावून त्या कोर्टात गेल्या.

फाटकावरच्या शिपायानं लोखंडी पेटी पुढं केली. "मावशी, फोन यात टाका. आणि ते कडं."

"ते काढायचं नसतं."

"इथं काढावंच लागतं. आत कुठलंच यंत्र चालत नाही. सगळे काढतात."

त्यांनी कडं काढलं. मनगटावर पांढरा वळ उमटला होता. शिपायानं पेटीचं झाकण लावलं.

मृत्युपत्रांच्या विभागात टेबलं बरीच आणि माणूस एकच होता. खोत नावाचे ते कारकून खिडकीपाशी बसून संत्रं सोलत होते. कुणी आलेलं बघून ते गडबडले.

"बसा, बसा. कोण गेलं?"

"मीच," चारुशीलाबाई म्हणाल्या. "म्हणजे अजून जायचेय."

खोतांनी संत्र्याची फोड त्यांना दिली आणि सगळं ऐकून घेतलं. "बाई, लोक हे टाळायला वकिलाला पैसे देतात, आणि तुम्ही मागायला आलात."

"दोन्ही मुलांना एकाच वेळी यावं लागेल?"

"एकाच वेळी. एक आला आणि एक नाही, तर पुढची तारीख."

"किती वेळा?"

"ते काय सांगता येतं होय? साक्षीदार पटकन मिळाला तर लवकर."

"आणि साक्षीदार म्हातारे घेतले तर?"

खोतांनी उरलेलं संत्रं बाजूला ठेवलं. "तुम्हाला हे लवकर व्हायला हवंय की उशिरा, ते एकदा सांगा मला."

त्या उठल्या. बाहेर व्हरांड्यात आल्या. बाक होता. तोच की दुसरा, कुणास ठाऊक. सगळे बाक सारखेच. त्या बसल्या. उजवीकडे सलील बसेल, त्यांनी मनात मांडून पाहिलं, आणि डावीकडे मैत्रेयी. सुरुवातीला दोघं दोन टोकांना बसतील. मग कंटाळा येईल. मैत्रेयीला भूक सहन होत नाही, लहानपणापासून. ती पर्स उचकायला लागेल. सलील काही न बोलता बिस्किटाचा पुडा पुढं करेल. आणि तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं की हे बघायला आपण नसणार. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चाललाय ते आपल्याला दिसायचं नाही. आपण जाणं ही त्या भेटीची पहिली अट आहे. एवढी साधी गोष्ट, पण तोवर त्यांना ती सुचली नव्हती. त्या बराच वेळ तिथं बसून राहिल्या.

फाटकावर फोन हातात आला तो थरथरतच. सलीलचे इतके फोन येऊन गेले होते की पडदा भरला होता. त्यांनी लावला.

पलीकडे कुणी बोललं नाही. नुसता श्वास. मग, "आई?"

"अरे, काय झालं?"

"काय झालं? नाडी मिळत नाही म्हणून निरोप आलाय. पडताळणी चालू आहे म्हणून. घरी कुणी नाही, फोन बंद. मी लोणावळ्यापर्यंत आलोय. कुठे आहेस तू?"

"कोर्टात. इथं कडं काढून ठेवायला लावतात."

"कोर्टात कशाला?" तो ओरडला, आणि रडू लागला. त्याचं रडणं त्यांनी शशांक गेल्यानंतर प्रथमच ऐकलं.

त्या गाडीत बसतात न बसतात तोच मैत्रेयीचा फोन आला. तिचा आवाज घोगरा झाला होता. "तू बरी आहेस, सलीलनं आत्ता सांगितलं."

"सलीलनं?"

"त्यानंच मला फोन केला, आई. निरोप आल्या आल्या. तुला लावायच्याही आधी. म्हणाला, मैत्रू, तो निरोप उघडू नकोस, काय असेल ते मी सांगतो."

चारुशीलाबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. "मग?"

"मग काही नाही. दोघं फोन धरून बसलो होतो, मधेमधे तो तुला लावत होता. तो गाडीत, मी इथं स्वयंपाकघरात. तुझा फोन लागेपर्यंत."

त्या रविवारी त्यांनी आशेनं विचारलं, "बोललात का परत?"

"नाही," सलील म्हणाला. "तू ठीक आहेस ना आता. मग कशाला?"

मैत्रेयी दुपारी म्हणाली, "काय बोलायचं, आई? विषयच नाही."

पुढच्या आठवड्यात गार्गी परत येऊन त्याच खुर्चीत बसली, आणि काकू काय म्हणतात ते ऐकून तिनं हातातला कप खाली ठेवला.

"हे घर? आख्खं घर बाहेर काढायचं?"

"हो."

"काकू, पार्किंगची गोष्ट वेगळी. हे घर कुलूप लावून पडेल. गळेल, पडझड होईल. ना त्याला विकता येणार, ना तिला. सलील आधीच किती त्रास काढतोय पाठीचा. तुम्ही त्याला पुण्याहून खेपा घालायला लावणार? शिव्या देतील दोघं तुम्हाला."

"दोघांनी मिळून दिल्या तर बरंच होईल."

गार्गीला हसू आलं नाही. चारुशीलाबाईंनाही ते बोलून हलकं वाटलं नव्हतं. आपल्या पश्चात मुलांना त्रास नको, असं त्या स्वतः सगळ्यांना सांगत आल्या होत्या. आता जाणूनबुजून त्रास मागे ठेवत होत्या, आणि तो उपयोगी पडेल याची खात्रीही नव्हती. कदाचित दोघं दोन वकील घेऊन येतील. कदाचित बाकावर शेवटपर्यंत दोन टोकांनाच बसतील. त्यांनी तरी पाटीवर मनगट टेकवलं. कड्यानं त्यांची नाडी ओळखली आणि घर न्यासातून बाहेर आलं.

"वारसांना निरोप गेला," गार्गी म्हणाली. "नियमच आहे. मन बदललं तर तुम्हीच परत आत घालू शकता. तुमच्यामागं मात्र कुणालाही नाही घालता येणार."

ती जिना उतरली असेल नसेल, तेवढ्यात सलीलचा फोन आला. "आई, हे घर बाहेर कसं काय गेलं? काहीतरी चुकलंय."

"काही चुकलं नाही. मीच काढलं."

"पण का?"

"फोनवर नाही सांगणार. आवाज कुणाचाही काढता येतो हल्ली. ये इकडे."

"आई, मस्करी करू नकोस."

"मैत्रेयीलाही तेच सांगणार आहे."

मैत्रेयीला त्यांनी तेच सांगितलं. ती चिडली, मग समजावू लागली, मग म्हणाली, "सलील काय म्हणतोय?"

"त्याला विचार," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग बराच वेळ त्या फोनकडे बघत राहिल्या. तो वाजला नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी दारावरची बेल वाजली. दोघं बरोबर उभी होती. मैत्रेयीची बॅग सलीलच्या हातात होती. विमानतळावरून त्यानंच तिला आणलं होतं. वाटेत त्यांनी कट शिजवलेला दिसत होता, कारण आत येऊन चपला काढता काढताच दोघं सुरू झाली.

"आई, तुझं वय झालंय म्हणून कुणी काही बोलत नाही," सलील म्हणाला, "पण हे..."

"हे अत्यंत अव्यवहारी आहे," मैत्रेयीनं वाक्य पुरं केलं. "मी गार्गीशी बोलले. सलील त्याच्या डॉक्टरांशी बोललाय."

"ते सांगायचं नव्हतं आपलं ठरलं होतं."

"मग काय सांगायचं होतं? तू तर गाडीत म्हणालास की डॉक्टरांचं सांगितलं की ती विरघळेल."

"मैत्रू, तिच्यासमोर."

त्यांना 'मैत्रू' हे नाव सलीलच्या तोंडून ऐकून किती काळ लोटला होता. त्या ऐकत होत्या. शब्द कानावरून जात होते. मुलाचे केस कानांपाशी पिकलेत. मुलगी रागावली की शशांकसारखाच डावा हात हलवते. पडद्यावर हे दिसत नाही. दोघं सोफ्यावर शेजारी शेजारी बसून त्यांच्यावर तुटून पडली होती, एक दमलं की दुसरं.

"तर आत्ता गार्गीला बोलाव," मैत्रेयी शेवटी म्हणाली, "आणि घर परत आत घाल. पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटांचं काम. हो म्हटलं तर संध्याकाळी सलील पुण्याला असेल आणि परवा मैत्रेयी विमानात. त्यानंतर परत रविवार, सकाळी एक फोन, दुपारी एक.

"तुमचं म्हणणं चुकीचं नाही," चारुशीलाबाई म्हणाल्या. "मला विचार करू दे."

"विचार काय करायचाय त्यात?"

"घराचा प्रश्न आहे, मैत्रेयी. असं घाईनं कसं सांगू? आणि तुम्ही दोघं असताना मला नीट विचार करता येईल. एकटीला नाही सुचत."

सलीलनं मैत्रेयीकडे बघितलं. मैत्रेयीनं त्याच्याकडे. आई हट्टाला पेटली की लहानपणी ती दोघं एकमेकांकडे बघत, तसं.

"ही दोन दिवसांत नाही ऐकणार," तो म्हणाला.

"दिसतंय ते. मी रजा वाढवून घेते."

"मी इथूनच काम करतो मग. पण आतल्या खोलीत मी. माझी पाठ."

"तुझी पाठ? मी अख्खी रात्र विमानात बसून आलेय."

"तू बाहेर झोपायचीस नेहमी."

"मी कधीच बाहेर झोपत नव्हते. तू खोटं बोलतोस आणि तेही इतक्या वर्षांनी."

चारुशीलाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. एका माणसाचे तांदूळ काढून ठेवले होते, त्यात त्यांनी अंदाजानं आणखी घातले. धुवायला नळ सोडला, तसा बाहेरचा आवाज बुडाला. त्यांनी नळ बंद केला, आणि ओले हात ओट्यावर टेकवून त्या तशाच ऐकत उभ्या राहिल्या.